सातव्या ओळीवरचं बोट

आमच्या गावच्या बंधाऱ्यावर एक काळा दगड उभा आहे. पुरुषभर उंचीचा, वर कोरलेलं कमळ, खाली सिमेंटचा चौथरा. त्यावर आधी गावाचा चार ओळींचा इतिहास आहे आणि मग अकरा नावं. ‘ज्यांनी हा बंधारा आणि हे गाव राखले’ असं त्या नावांच्या डोक्यावर लिहिलंय. ते वाक्य माझं आहे. इतिहासही माझाच. अकरा नावांची यादी मात्र माझी नाही, आणि हे मी आजवर इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता माझी बायकोसुद्धा ‘सांगितलंत हो’ म्हणून उठून जाते.

माझी यादी बारा नावांची होती. सातवं नाव माझ्या वडिलांचं होतं.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आणि सगळं गावही आबाच म्हणायचं. ते त्या बंधाऱ्याचे पाटकरी होते. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठाने राहणाऱ्यांना हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. जळगावात, जिथे मी हायस्कुलात मास्तर होतो आणि मेहरूणला खोली घेऊन राहत होतो, तिथे मात्र मला तो दर वेळी समजावून द्यावा लागला. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची सगळी जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, मग त्यात तुमचा तुकडा अर्ध्या बिघ्याचा असो की दहा बिघ्यांचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेतमालकाने पाण्याला हात लावायचा नाही. पाणी पाटकरी सोडणार, पाटकरीच मोडणार. मालकाने बांधावर उभं राहून फार तर तंबाखू मळायची. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं.

आबांना स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती. गावातले जाणते म्हणायचे, ज्याचं शेत नाही त्याच्याच हातात पाणी द्यावं, म्हणजे त्याचा जीव कुठल्या एका वाफ्यात अडकत नाही. तशी ती रीतच होती. चाळीस वर्षं आबा फावडं खांद्यावर टाकून त्या पाटाच्या काठाने फिरले. कोणाचा तुकडा किती वेळात भिजतो, कोणत्या बांधाला खेकड्यांनी भोकं पाडलीत, कोणाच्या शेतात पाणी चढत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. पाटाची चारी फुटली तर फावडं येईपर्यंत ते टाच रोवून पाणी थोपवायचे. त्यांच्या टाचांच्या भेगांत बोटाचं पेर मावायचं. माय रोज रात्री त्यांत मेण भरायची आणि ते दुसऱ्या दिवशी पाण्यात निघून जायचं.

अक्षरओळख मात्र नव्हती. सहीच्या जागी अंगठा.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. बंधाऱ्यात पाणी कसलं, ओल होती म्हणा. तेव्हाच्या पाटलांनी, म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या जमीनवाल्यांनी, गडी लावून आपल्या उसाकडे पाट फोडला. आबा गेले आणि फोडलेल्या जागी स्वतः बसले. कमरेइतक्या चिखलात. पाटील आले, शिव्या दिल्या, गड्यांना म्हणाले ओढा याला. आबा म्हणाले, “पहिले माले उचला, मंग पानी ल्या.” गडी काही पुढे सरले नाहीत, कारण खालच्या अंगाला त्यांच्याही भावकीचे तुकडे होते. त्या वर्षी खालच्या फडात लोकांच्या घरी थोडी का होईना ज्वारी आली. हे मी आबांचा मुलगा म्हणून सांगत नाही. बंधाऱ्याचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा सात म्हाताऱ्यांनी मला सात वेळा हीच गोष्ट सांगितली, आणि सातही जणांनी शेवटी तेच वाक्य म्हटलं.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सरकारी दुरुस्ती होऊन बंधारा पुन्हा धड झाला होता आणि गावाला एकदम इतिहासाचा उमाळा आला. सरपंचांना सगळे नाना म्हणत. नानांचं पोस्टकार्ड आलं, ‘तू जळगावला पोरांना इतिहास शिकवतोस तर आपल्या गावाचाही लिही, दगडावर कोरायचा आहे.’ मला काय आनंद झाला! अकबराची महसूलपद्धत दरवर्षी चार तुकड्यांना शिकवून मी कंटाळलो होतो. सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्यात घातली. धुळ्याला जाऊन जुनी कागदपत्रं चाळली, कोणी बंधाऱ्याचा पहिला दगड वाहिला, कोणी पुरात वाहून गेलेला पाट पुन्हा काढला, कोणी गावात शाळा आणली, सगळं म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून लिहून घेतलं. काळाच्या क्रमाने बारा नावं काढली. सातवं आबांचं, आठवं पाटलांचं. हो, पाटलांचंही घातलं. ते तोवर वारले होते, आणि पाट फोडला असला तरी शाळेला जागा त्यांनीच दिली होती. इतिहास लिहायचा तर मन मोठं ठेवावं असं मला तेव्हा वाटायचं.

आणि मग मी एक गाढवपणा केला. यादी पंचायतीत जायच्या आधीच घरी सांगून बसलो.

आबा ओट्यावर बसून वहाणेला टाका घालत होते. मी म्हटलं, आबा, बंधाऱ्यावरच्या दगडावर तुमचं नाव येणार. त्यांनी दाभण खाली ठेवलं. “मन्हं?” म्हणाले. “कोनी सांगं?”

“मीच लिखं, आबा.”

त्यांनी वहाण उलटसुलट करून पाहिली. मग विचारलं, “बठ्ठा देखतीन का?” मी म्हटलं, दगड आहे, सगळे पाहतील, तुमची नातवंडं-पतवंडं पाहतील. त्यांनी पुन्हा दाभण उचललं, पण टाका काही त्यांना घालता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर ते न्हाव्याकडे गेलेले. दाढी करून आले आणि येताना पारावर सगळ्यांना सांगून आले. जन्मात या माणसाने कोणाकडे काही मागितलं नव्हतं. सणाला धोतर आणलं तरी ‘कसाले आनं’ म्हणून रागवायचे. त्यांना पहिल्यांदाच काहीतरी हवंसं वाटलं होतं, आणि ते वाटायला लावणारा मी होतो.

पंचायतीच्या कचेरीत बैठक झाली. नाना यादी वाचत होते. सहा नावं वाचून झाली, सातव्याला त्यांनी चष्मा काढला.

“भाऊ,” ते मला म्हणाले, “आबानं काम मोठं शे. कोन नही म्हनस? पन आबा जित्ता शे.”

मी म्हटलं, मग?

“जित्ता मानूसनं नाव असा दगडवर कोरं म्हंजे त्याले वरतीन बलावनं धाडं. वंगाळ ऱ्हास ते.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, नाना, याच दगडाच्या खालच्या अंगाला तीन देणगीदारांची नावं येणार आहेत, ती तर यापेक्षा मोठ्या अक्षरांत, आणि तिघेही धडधाकट आहेत, त्यातले एक तर इथेच बसून चहा पिताहेत. त्यावर नाना शांतपणे म्हणाले, “त्या देणगीदार शेतस. मझार रेघ शे ना.”

मधे रेघ आहे! म्हणजे यमाला रेघेच्या वरचं वाचता येतं, खालचं नाही. मी तसं बोललो. कोणी हसलं नाही. एक जण मात्र पुटपुटला, “पाटीलना वरे पाटकरीनं नाव, ते बी बरं दिखत नही,” आणि नानांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. तेवढ्यात मला सगळं कळलं. पण कळून काय उपयोग? पाटकरी नको असं ते म्हणाले असते तर मी भांडलो असतो, सात म्हातारे साक्षीला उभे केले असते. ते म्हणत होते, तुझ्या बापाला काही होऊ नये म्हणून. आता यावर मुलाने काय बोलायचं? होऊ द्या झालं तर, नाव कोरा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरी मायला सांगितलं, तर तीही त्यांच्याच बाजूची. “नको रे भाऊ,” म्हणाली, “माले मन्हं कुंकू जड व्हयेल नही.” मात्र आबांना हे सांगायची तिची हिंमत झाली नाही. माझीही नाही.

पुढचं वर्षभर मी जळगावहून गावाला खेपा घातल्या. शनिवारची अर्धी शाळा सुटली की एसटी पकडायची, एरंडोल, पारोळा करत धुळं गाठायचं, तिथून दुसरी गाडी. नानांना पाच पत्रं लिहिली. पहिल्या पत्रात विनंती होती, तिसऱ्यात इतिहास होता, पाचव्यात निव्वळ संताप. उत्तर एकाचंही नाही. प्रत्यक्ष भेटले की नाना पाठीवर हात ठेवून विचारायचे, जळगावात पाणी वेळेवर येतं का? धुळ्यातल्या ज्या कारागिराकडे दगड होता त्याच्याकडेही गेलो. चांगला माणूस होता. त्याने छिन्नी बाजूला ठेवून मला दगड दाखवला. म्हणाला, मास्तर, जागा तर भरपूर आहे, एक ओळ सहज बसेल, पण मी पंचायतीच्या शिक्क्याच्या कागदावर आहे तेवढंच कोरतो. एकदा एका गावात असंच एकाच्या सांगण्यावरून नाव घातलं तर लोकांनी दगड माझ्या दारात आणून टाकला.

आणि दर खेपेला घरात पाऊल टाकलं की आबा पहिला प्रश्न विचारायचे, “दगडनं काय व्हयनं?” मी म्हणायचो, चाललंय. दुसरं काय म्हणणार? नाही म्हणायला एक दिवस लागतो, आणि तो दिवस मी प्रत्येक खेपेला पुढच्या खेपेवर ढकलत गेलो. याचा दोष मी नानांवर टाकू शकत नाही.

शेवटी दगड आला आणि उभा राहिला. अनावरणाच्या दिवशी सकाळी बंधाऱ्यावर मांडव घातला होता. धुळ्याहून येणारे पाहुणे दीड तास उशिरा आले. आबा पहाटेच आंघोळ करून, नवं धोतर, धुतलेली टोपी घालून पहिल्या ओळीत जाऊन बसले होते. ऊन चढलं तशी सावली सरकली आणि ते उन्हात आले, पण जागा सोडली नाही. भाषणं झाली. गावाने आपल्या पूर्वजांचं ऋण फेडलं, असं तीन जणांनी तीन वेळा सांगितलं. मी लिहिलेल्या चार ओळी पाहुण्यांनी अडखळत वाचल्या. नावं वाचलीच नाहीत, कारण त्यांना पुढे शिरपूरला दुसरा कार्यक्रम होता. नारळ फुटला, हार पडले, आणि सगळं गाव जेवायला शाळेकडे निघालं.

आबा उठून दगडासमोर जाऊन उभे राहिले. मला हाताने खूण केली.

“वाच,” म्हणाले. “सुरवातपासून वाच.”

मी इतिहास वाचला. मग नावं वाचायला लागलो. एक, दोन, तीन. आबा प्रत्येक नावाला मान हलवत होते, सगळे त्यांच्या ओळखीचे. चौथ्याला म्हणाले, “भला मानूस व्हता.” पाचवं. सहावं. आता सांगून टाकू असं मी ठरवलं होतं, अगदी शब्दही जुळवले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मी सातवं नाव म्हणून आबांचं नाव वाचलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनावासकट, आणि पुढे ‘पाटकरी’ हेही माझ्या यादीत होतं तसं वाचलं.

“कोठे?” आबा म्हणाले. “मन्हं बोट ठेव.”

मी त्यांची तर्जनी धरली आणि सातव्या ओळीवर ठेवली. “आठे, आबा.” ठेवली आणि मग माझ्या ध्यानात आलं की बारातून एक गेलं तेव्हा खालची सगळी एकेक पायरी वर सरकलीत, आणि आता सातवं नाव पाटलांचं आहे. ज्यांनी पाट फोडला त्यांच्या नावावर माझा बाप बोट फिरवत होता. एकेका अक्षरावरून, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बोट काढून दुसरीकडे ठेवावं तर कुठे ठेवणार?

मागे कोणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर नाना. ते जेवायला गेले नव्हते, सगळं ऐकत उभे होते. मला वाटलं, आता संपलं. नाना पुढे आले, दगडाकडे पाहिलं, आबांच्या बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “शे, शे आबा. सातवं. ठळक कोरेल शे.”

मला त्या क्षणी नानांचे पाय धरावेसे वाटले. संध्याकाळच्या गाडीत बसलो तेव्हा मात्र त्यांची मानगूट धरावीशी वाटली, आणि ते वाटणं पुढे वर्षानुवर्षं गेलं नाही.

कारण त्यानंतर सगळं गाव त्यात सामील झालं. कोणी कोणाला सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे, पण आठवड्याभरात प्रत्येकाला माहीत होतं की आबांना नाव आहे असंच सांगायचं. पारावर आबा बसले की लोक मुद्दाम विषय काढायचे. न्हावी विचारायचा, काय आबा, दगडावर गेलात म्हणे! गावातल्या शाळेच्या मास्तरांनी पोरांना ताकीद दिली होती. पाहुणे आले की आबा त्यांना दीड मैल चालवत बंधाऱ्यावर न्यायचे आणि सातव्या ओळीवर बोट ठेवायचे. सोबतचा गावकरी गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, हो हो, हेच. पाटलांचा थोरला मुलगा, त्यालासुद्धा एकदा आबांनी तिथे गाठलं आणि त्याच्याच बापाच्या नावावर बोट ठेवून स्वतःचं नाव दाखवलं. तोही म्हणाला, “शे ना, आबा.”

लोक मला हे कौतुकाने सांगायचे. गाव कसं एकदिलाने म्हाताऱ्याला जपतंय, असं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अहो, खोटं बोलायला अख्खं गाव तयार आहे, सोसायटीच्या चेअरमनपासून शेंबड्या पोरापर्यंत, आणि एक ओळ खरी करायला एक माणूस पुढे येत नाही! दया दाखवायला कोणाला काही लागत नाही. मान द्यायचा म्हटलं की सगळ्यांना अपशकुन आठवतो. मी पुन्हा नानांकडे गेलो. म्हटलं, आता तरी कोरून टाका, आबांना काहीही झालेलं नाही, नाव आहे असं समजून ते चांगले ठणठणीत आहेत, म्हणजे तुमचा अपशकुनही खोटा ठरला. नाना हसले. “म्हातारा खुश शे,” म्हणाले. “आते दगडले हात लावाना कसाले?”

आणि आबा खरंच खुश होते, हेच तर अवघड होतं. एकदा मी गेलो तेव्हा ते भयंकर चिडलेले होते. माझ्या मावसबहिणीचा मुलगा सुट्टीत आला होता, चौथीतला, सुरतेकडचा, त्याला कोणी पढवलेलं नव्हतं. आबांनी त्याला दगडापाशी नेऊन सातवी ओळ वाचायला लावली, तर त्याने पाटलांचं नाव वाचलं. आबांनी पुन्हा वाचायला लावली. पुन्हा तेच. आबांनी मला पाहताच सुरुवात केली, “चौथीना पोऱ्या, त्याले सादं नाव वाचता येत नही. शाळामा काय शिकाडतस रे तुम्ही लोके?” मी मास्तर जातीच्या वतीने मान खाली घातली. त्यांच्या मनात क्षणभरही शंका आली नव्हती. चूक त्या पोराची होती, कारण मी वाचून दाखवलं होतं आणि मी शिकलेला होतो.

असं सात-आठ वर्षं चाललं. मधे नाना वारले. पाटावर दुसरा पाटकरी आला आणि गेला, मग लोकांनी विहिरींवर मोटारी बसवल्या आणि फडांची शिस्त ढिली झाली. आबा मात्र जाऊन बोट ठेवून येत होते. शेवटचे काही महिने पाय चालेनात तेव्हा बैलगाडीतून जायचे. पंच्याण्णवच्या आसपास, हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापाने ते गेले. शेवटी माझ्याशी दगडाबद्दल काही बोलले नाहीत. शेजारच्या फडात कोणाचं तरी पाणी वाया चाललंय, एवढंच दोनदा म्हणाले.

सुतक फिटून गंधमुक्तीचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि तिसऱ्या दिवशी मी अर्ज लिहायला बसलो. आता तर काही अडचण नव्हती. आबा हयात नव्हते, अपशकुनाचा प्रश्न मिटला होता. नाना नव्हते. नवा सरपंच तिशीतला, शिरपूरला शिकलेला, मला ‘सर’ म्हणणारा. अर्ज वाचून तो गोंधळला.

“सर, पण नाव तर आहे,” तो म्हणाला. “सातवं.”

मी म्हटलं, नाही. चल, दाखवतो.

“काय दाखवता सर, शंभरदा पाहिलंय मी. कॉलेजात होतो तेव्हा आबांनी स्वतः दाखवलंय, बोट ठेवून.”

आणि त्याने पाहिलंच होतं. आबांच्या शेजारी उभं राहून, आबांच्या बोटाकडे. दगड कोण वाचतो? मी हट्ट धरला तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, ग्रामसभेपुढे ठेवू, नवीन ओळ कोरायची तर ठराव लागेलच.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरली. मुख्य विषय नळयोजनेचा होता आणि त्यावरच दोन तास भांडणं झाली. सगळ्यात शेवटी ग्रामसेवकाने माझा अर्ज वाचला. सभेत कुजबुज झाली. जी पोरं आता मोठी झाली होती, ती एकमेकांकडे पाहून म्हणत होती, आहे ना नाव. म्हाताऱ्यांपैकी पाच-सहा जणांना सगळं ठाऊक होतं. मी एकेकाकडे पाहिलं. एकाने धोतराचा सोगा नीट केला, एकाने बिडी पेटवली.

मग मी उभा राहिलो. म्हटलं, दगडावर आबांचं नाव नाही. कधीच नव्हतं. मीच त्या दिवशी त्यांना खोटं वाचून दाखवलं, आणि तुम्ही सगळे ते खरं मानून चाललात. तिथे दुसऱ्याचं नाव आहे. कोणीही आत्ता उठून चला आणि वाचा.

कोणी उठलं नाही. उन्हं कलायला आली होती आणि बंधारा दीड मैल. कचेरीतल्या त्या जुन्या बैठकीतला जो एक म्हातारा अजून होता, ज्याने तेव्हा पाटलांच्या वर पाटकरी नको म्हटलं होतं, तो फार मायेने म्हणाला, “नुकताच बाप गया त्याना. बठ भाऊ, बठ. पानी पी.” बायकांच्या बाजूने एक म्हातारी, जिचा खालच्या फडात तुकडा होता, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मास्तर शे तो. सोताना बापनं नाव खोटं वाची का?”

समजा उद्या मी हट्टाने खरं करून दाखवलंच, सगळ्यांना नेऊन वाचून दाखवलं, तर त्यातून काय सिद्ध होणार होतं? की आबा आठ वर्षं, पाहुण्यारावळ्यांसमोर, दुसऱ्याच्या नावावर बोट ठेवून मिरवत होते. ज्या पोरांच्या मनात ते दगडावर गेलेले आबा होते, त्यांच्या मनात ते एक फसलेले म्हातारे होणार होते. हे मला अर्ज लिहिताना सुचलं नाही. ते सुचलं त्या देवळापुढे, उभं असताना. मी खाली बसलो.

ग्रामसेवकाने ठराव लिहिला आणि वाचून दाखवला: सदर व्यक्तीचे नाव स्मारकावर पूर्वीच असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मग वही माझ्याकडे सरकवली. अर्जदाराला समक्ष वाचून दाखवलं, यासाठी सही हवी होती. त्याने मला नीट जागा दाखवली, ठरावाच्या अगदी खाली.

मी सही केली. पूर्ण नाव लिहून करतो तशी, आबांच्या नावासकट.